आभार मानले आणि बिनसलं

पाचोऱ्याच्या स्टेशनावर माझी बॅग गाडीत चढवताना दिनू, माझा धाकटा भाऊ, कुरकुरत होता, की एवढं काय कोंबलंय, पुण्यात दुकानं नाहीत का. आई खिडकीशी एकच वाक्य घोळवत होती, "पोचनी का फोन करजो." निरोप एवढाच. आमच्याकडे कुणी कुणाचे आभार मानत नाही. पाणी दिलं तर पितात.

पुण्यातल्या ऑफिसात मात्र दर शुक्रवारी पुस्तकाचा तास असतो. स्वतःला घडवा, नाती जपा, मिळून काही नवं करा, अशी पुस्तकं. इतकं गोड वागून या लोकांना नेमकं काय हवंय, असा मला पहिल्यापासून संशय. तरी एकातलं डोक्यात बसलं: समोरच्याची भावना ओळखा, बोलून दाखवा, आभार माना. वडील गेल्यापासून शेत दिनू एकटाच बघतो. फोनवर त्याला म्हटलं, "तू किती दमतोस ते मला समजतंय. मी तुझी आभारी आहे." कपाशीला पाणी द्यायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो माझा फोन उचलेनासा झाला. आईकडून कळलं, की त्याने तलाठ्याकडून सातबारा काढून आणलाय आणि त्यावरचं माझं नाव पुन्हा पुन्हा वाचतोय. मला त्याचा राग आला, पुस्तकाचाही.

हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने गावी गेले. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, दिनू ती लाकडी बडगीत ठेचत होता. शेजारी बसून मी पुन्हा तेच सुरू केलं, की तुला माझ्याबद्दल काय वाटतं ते मोकळेपणाने सांग. त्याचा हात थांबला.

"अक्का, सरळ सांग. वावरमा हिस्सा जोयजे का तुले?"

नाही म्हणणार होते. पण पुण्यात फ्लॅट बघायला लागल्यापासून ती जमीन माझ्या मनात होती, आभार मानले त्याच्या आदल्याच आठवड्यापासून. हे मी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मनात येतं तसं."

"मंग हाई पयलेच सांगनं व्हतं ना," तो म्हणाला आणि मुसळ माझ्या हातात देऊन कांद्याची पात चिरायला बसला.

हिश्श्याचं अजून काही ठरलेलं नाही. पण तो फोन उचलतो, आणि आधी विचारतो, काय काम काढलं. पुण्यात माझ्याशी सगळे छान बोलतात. माझ्या बोलण्यातली लबाडी ओळखणारा माणूस एकच आहे, आणि घर मी आता त्यालाच म्हणते. जमीन मला अजूनही हवी आहे.