साडूंचं तेलाचं घड्याळ

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मभरात जितकी घड्याळं तेलात बुडवली, तितकी भजी अकोल्याच्या कुठल्याही हॉटेलवाल्याने बुडवली नसतील. हॉटेलवाला निदान कढईतून काढलेलं गिऱ्हाइकाच्या पुढे ठेवतो. साडू तेलातून काढलेलं घड्याळ धोतराच्या सोग्याने टिपायचे, कानाला लावायचे, तोंड एवढंसं करायचे आणि दुसरं तेल शोधायला बाहेर पडायचे. वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात, आणि आमच्यातही नात्यापेक्षा भाऊपणच जास्त होतं. मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवायचो, ते अकोल्याला भिक्षुकी करायचे. मी त्यांच्या शास्त्रात लक्ष घातलं नाही. त्यांनी मात्र माझ्या शास्त्रात मनसोक्त हात घातला, तोही कोपरापर्यंत तेल लावून.

लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, कशालाही त्यांना बोलावत. कारण एकच, त्यांची वेळ. मी सांगतोय ते पन्नास-साठ सालांच्या सुमाराचं. तेव्हा त्यांच्या आळीत मनगटी घड्याळ दोघा-तिघांकडेच होतं, आणि तेही रोज सकाळी साडूंना विचारून आपलं घड्याळ लावायचे. गिरणीचा भोंगा दीड मिनिट पुढे आहे, हे साडू न चुकता सांगायचे आणि गिरणीवाल्यांची त्यांना मनापासून कीव यायची. घड्याळ हाताशी नसेल तेव्हा ते मंगलाष्टकांनी वेळ मोजत. आमच्याकडे मुक्कामाला आले की स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून चहा उकळायला ठेवल्यापासून मंगलाष्टकं गुणगुणायला लागायचे, आणि पाचवं संपलं की "उतरवा" म्हणायचे. आमच्या घरात दर चहाला कुणाचं तरी लग्न लागतं, असं माझी बायको म्हणायची. मंत्र म्हणताना त्यांचा एक अनुस्वार इकडचा तिकडे होत नसे. पण संस्कृतातून उतरले की मध्ये कुठे न थांबता थेट वऱ्हाडीत उतरायचे. यजमानाला "आचम्य, प्राणानायम्य" झालं की त्याच सुरात "अन् हात कावून कोरडा ठेवला बे?" हेही ऐकू यायचं.

त्यांचं घड्याळ साधं, किल्लीचं, कुणाकडून तरी हातातून हातात आलेलं होतं. आणि भिक्षुकाच्या हाताला पाणी किती लागतं ते भिक्षुकालाच ठाऊक. आचमन, अभिषेक, तर्पण, कलशाचं पाणी, तीर्थाचं पाणी, शिवाय होमाची वाफ. ते सगळं हळूहळू घड्याळात शिरायचं आणि काचेला आतून दव धरायचं. काढून ठेवा म्हणावं, तर तेही करून झालं होतं. एकदा पाटावर काढून ठेवलं तर त्यावर कुणीतरी नारळ ठेवला. दुसऱ्यांदा ते अक्षतांच्या ताटात गेलं आणि एका वरमाईने ते मूठभर अक्षतांबरोबर वधूवरांवर टाकलं.

एके दिवशी अकोल्याहून आले, पाय धुतले आणि पाय पुसायच्या आधीच मला विचारलं, "मास्तर, काठोकाठ भरलेल्या डब्यात पाणी शिरते काय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बस." मी कशाची कबुली दिली, ते मला चहा पिताना कळलं. घड्याळात आधीच तेल भरून ठेवायचं, म्हणजे पाण्याला आत जागाच उरणार नाही. चालेल का ते, असं मी भीत भीत विचारलं. त्यावर त्यांनी घटिकापात्राचा दाखला काढला. पाण्याच्या भांड्यात बारीक भोकाची वाटी तरंगत ठेवायची, ती बुडली की एक घटका झाली. हजारो वर्षं आपण वेळ पाण्यातच मोजली, मग घड्याळाला तेलाचं वावडं कशाला असेल? मी विज्ञानाचा मास्तर. खरं तर तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाच उत्सुकता लागून राहिली की पुढे काय होतं.

त्या दिवशी मी हसलोही असेन. म्हणूनच की काय, जेवण झाल्यावर गॅलरीत बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी अकोटला एका बागाईतदाराच्या मुलीचं लग्न त्यांनी लावलं होतं. मार्गशीर्षातली थंडी, सकाळचा मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, यांनी घड्याळ पाहिलं तर काच पांढरीधोप. पुसली, पुन्हा पुसली. वाफ आतून, पुसणं बाहेरून. कुणाला वेळ विचारावी, तर अख्खा मांडव यांच्याकडेच बघत होता. शेवटी चहासारखा अंदाज घेतला आणि "सावधान" म्हटलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि मग काच निवळली. मुहूर्त टळून सात मिनिटं झाली होती. कुणाला पत्ता नव्हता. मुलीचा बाप यांच्या पाया पडला.

"त्या पोरीचं काही वाईट झालं, तर ते माह्या हातानं झालं, मास्तर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी खरी भीती होती की माझं हसू तिथेच विरलं.

ती मुलगी मोर्शीला दिली होती, संत्र्याच्या बागा असलेल्या घरी. साडू दरवर्षी संत्र्याच्या दिवसांत अमरावतीला माझ्याकडे मुक्कामाला यायचे आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मोर्शीला जायचे, ते का, हे मला त्या दिवशी समजलं. बायकोला सांगायचे, संत्री आणायला जातो. जशी काही अकोल्याच्या बाजारात संत्री मिळतच नव्हती! तिथे जाऊन ते करायचे काही नाही. त्या घरच्या ओसरीवर बसायचे, दिलेलं फळ खायचे, "बरं आहे ना, बाई?" एवढं विचारायचे, तिचा चेहरा निरखायचे आणि परत यायचे. येताना एक टोपली. टोपली हलकी असो की जड, चेहऱ्यावरून मला त्या वर्षाचा निकाल कळायचा.

निकाल नेहमी चांगला नसायचा. लग्नानंतर वर्षाच्या आतच तिचे वडील अकोटला वारले आणि तिचं माहेरच मिटलं. आई आधीच नव्हती. हे साडूंनी आपल्या अंगावर घेतलं. चार-पाच वर्षं तिला मूल नव्हतं, तेही अंगावर घेतलं. नवरा तापट होता, तोही सात मिनिटांमुळेच तापट झाला होता. बागेत झाडांना डिंक्या लागला, तेव्हा मी त्यांना समजावून थकलो की डिंक्या हा बुरशीने होतो, मुहूर्ताने होत नाही. ते शांतपणे म्हणाले, "बुरशी तरी कावून लागली?" या प्रश्नाला आमच्या विज्ञानात उत्तर नव्हतं.

म्हणून ते तेल. जे झालं ते झालं, दुसऱ्या कुठल्या पोरीच्या बाबतीत तरी काच पांढरी होऊ नये. बाजारातली जुनी, टाकाऊ घड्याळं गोळा करून त्यांनी प्रयोग मांडले. पहिलं खोबरेल, कारण ते शुद्ध. उन्हाळ्यात घड्याळ झकास भरलं आणि डिसेंबरात तेल गोठून तबकडीची वडी झाली. मग जवस. जवसाचं तेल वाळलं की रोगण होतं, हे मी सांगायला हवं होतं, पण मी पोचेपर्यंत तिन्ही काटे जन्माचे चिकटले होते. मग एरंडेल, मग सरकी, मग शिवणयंत्राचं तेल. घासलेट भरलेलं घड्याळ बांधून ते एका श्राद्धाला गेले, तर यजमानाने कुठे कंदील सांडलाय म्हणून घरभर शोधलं. वहिनी, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, एवढंच म्हणायची की आमच्या घरात फोडणीले तेल नाई अन् घड्याळाले हाय.

भरायची त्यांची रीत मोठी पाहण्यासारखी होती. परातीत तेल ओतायचं, घड्याळाची पाठ उघडून ते पालथं आत सोडायचं, श्वास रोखून बुडबुडे निघायची वाट पाहायची आणि झाकण तेलाच्या खालीच बसवायचं. तरी एक बुडबुडा राहायचाच. तो काचेखाली इकडून तिकडे फिरायचा आणि साडू मनगट वाकडंतिकडं करून त्याला बारावर, सहावर नेऊन बघायचे. बुडबुडा मुळीच ठेवला नाही, तर अकोल्याच्या मे महिन्यात तेल फुगून काच उडायची. तीही त्यांनी दोनदा उडवून पाहिली. पण एक अद्भुत गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. तेल भरलं की काच नाहीशी व्हायची. आकडे वर येऊन काचेवरच छापल्यासारखे दिसायचे, कडेने पाहा, उन्हात पाहा, कुठूनही पाहा, लखलखीत. इतकं स्वच्छ दिसणारं बंद घड्याळ मी दुसरं पाहिलं नाही.

कारण ते बंदच पडायचं. दर वेळी. दहा-बारा ठोके देऊन थांबायचं. आम्ही दोघं ते घेऊन अकोल्याच्या एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आतलं चाक हळूच हलवलं आणि भिंग काढून साडूंकडे जरा दुःखाने पाहिलं. म्हणाले, "पंडितजी, इस का एक पहिया है जो झूलता है. वो इस की साँस है. आप ने उस का दम घोट दिया." मला सारं कळलं. किल्लीच्या घड्याळात एक नाजूक चाक क्षणात पुढे, क्षणात मागे झुलत असतं, आणि तेलात त्याला झुलताच येत नाही. पाण्यातली वाटी फक्त बुडते, तिला झुलायचं नसतं. साडूंना हे पटलं, पण त्यांनी मानलं नाही. तेल पातळ पाहिजे, एवढंच ते वीस वर्षं म्हणत राहिले. लग्नं मात्र यजमानाच्या कुणा नातेवाइकाचं कोरडं घड्याळ समोर धरायला लावून लावत, आणि ते घड्याळ दीड मिनिट पुढे आहे असं मनात धरून.

पुढे फार वर्षांनी सेलवर चालणारी घड्याळं निघाली. मी निवृत्तीला आलो होतो. त्यातलं एक अगदी हलक्या प्रतीचं, प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं, घेऊन मी अकोल्याला गेलो. वाटेत मनाशी विचार करत होतो की यात झुलणारं चाक नाही, हे साडूंना कसं समजावून सांगावं. समजावून सांगावं लागलं नाही. "झुलत नाई ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि परात काढली. तेल या वेळी औषधाच्या दुकानातलं होतं, पोट साफ व्हायला देतात ते पाण्यासारखं नितळ पॅराफिन. झाकण बसवलं, घड्याळ उलटं केलं. बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला. सेकंदकाटा एक घर पुढे गेला. मग आणखी एक. आम्ही दोघं म्हातारे परातीवर वाकून पूर्ण तास बसलो होतो. तो थांबला नाही. साडूंनी घड्याळ पाण्याच्या तांब्यात सोडलं, बाहेर काढलं, कडेने पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्याच वर्षी मोर्शीहून निरोप आला. त्या बाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते गुरुजींनीच लावायचं होतं. साडू मला म्हणाले, "हे लग्न लावायच्या आधी मले तिच्याशी बोलावं लागन, अन् तुमी संग चाला."

आम्ही गेलो. तिचा नवरा बागेत माल भरून घेत होता. ती ओसरीवर आमच्यासमोर बसली होती, चाळिशी उलटलेली, अंगाने भरलेली, हसरी. साडूंनी गुडघ्यांकडे बघत सगळं सांगितलं. थंडी, काच, अंदाज, सात मिनिटं. तुझ्या मुलीसाठी दुसरा कोणी पाहिजे असेल तर पाहा, असंही म्हणाले. मला तिच्याकडे बघवेना.

"मले ठाऊक हाय, गुरुजी," ती म्हणाली. "अंतरपाटाखालून तुमचे हात दिसत होते. तुमी काच पुसून राहिले होते. अन् मंगलाष्टकं दुसऱ्यांदा सुरू झाली होती."

साडूंनी मान वर केली आणि म्हणाले, "मंग इतके वर्षं बोलली कावून नाई, बाई?"

"बोलली असती, तर तुमी आले असते काय दरसाल?" ती म्हणाली. "बाबा गेल्यावर माह्या माहेराकडून या दारात दुसरं कोन आलं?"

परतीच्या एस.टी.त साडू खिडकीशी बसले होते. मनगटावर ते स्वच्छ घड्याळ होतं, पण त्यांनी एकदाही त्याकडे पाहिलं नाही. अमरावती जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तर, आता पुढच्या वर्षी काय निमित्त काढू?" मी म्हटलं, निमित्त कशाला, असेच जा. ते विचारात पडले. बोलावल्याशिवाय आणि कामाशिवाय कुणाकडे जायचं, हे त्या भिक्षुकाच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. पण त्या मुलीचं लग्न लावून झाल्यावरही ते गेले. पुढे सहा वर्षं, पाय चालत होते तोवर, ते त्या घरी नुसते बसायला जात राहिले.

साडू आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती येण्याला काही काळवेळ नसतो. संत्र्याच्या दिवसांत मी एकदा मोर्शीला जाऊन येतो. ती बाई जेवल्याशिवाय सोडत नाही. जेवताना आम्ही त्यांच्याविषयीच बोलतो, आणि मी निघालो की ती एस.टी. येईपर्यंत माझ्याबरोबर फाट्यावर उभी राहते.