तिची गल्ली

माझी मुलगी मुक्ता इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथीड्रलच्या गावात राहते. रविवारी ती पाहुण्यांना तिथली सर्वांत जुनी गल्ली दाखवते. परवा त्या घोळक्यात मीही मागे उभी होते.

कॅथीड्रल बांधायला आलेले पाथरवट इथे राहिले, आजोबांनी पाया घातला, नातवांनी कमानी चढवल्या, असं ती सांगत होती. वरचे मजले इतके पुढे झुकलेले, की समोरासमोरच्या बायका खिडकीतूनच एकमेकींना मीठ द्यायच्या म्हणे. सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की मला त्या दगडी गल्लीचा चक्क मत्सर वाटला. "आमची गल्ली" म्हणत होती ती! जन्मली त्या तांबट आळीबद्दल मात्र तिने कधी काही विचारलं नव्हतं.

न राहवून मी म्हणाले, "आपल्या आळीलाही इतिहास आहे म्हटलं!"

मुक्ता हसली. "मग सांग ना, आई. मी यांना इंग्रजीत सांगते."

"आळीत दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचे. तुला दवाखान्यातून घरी आणलं, तर तू त्या आवाजाने दचकून रडायचीस. मग शेजारच्या काकांनी सगळ्यांना बजावलं, बाळ झोपलंय तोवर हातोडी चालवायची नाही. दुपारभर अख्खी आळी तुझ्यासाठी गप्प बसायची."

पाहुणे भाषांतराची वाट पाहत होते. मुक्ता मात्र त्यांना विसरून माझ्याकडे वळली. "अख्खी आळी? माझ्यासाठी?" तिने विचारलं.

त्या शेकडो वर्षांच्या गल्लीकडे मी हळूच एक नजर टाकली. मला फार बरं वाटलं.