कोळसा पुरणारे भाऊजी

जमिनीतून कोळसा खणून काढणारे जगात पुष्कळ आहेत, पण चांगला तयार कोळसा जमिनीत पुरून ठेवणारा माणूस एकच, आणि तो आमच्या मोठ्या ताईच्या नशिबी आला. भाऊजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. नोकरी सगळी कोळशाच्या गाड्यांमागे गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या रायपूरच्या पलीकडे लाल मुरमाचा एक तुकडा घेतला, त्यावर बांबू लावला आणि वाळलेला बांबू लोखंडी ड्रममध्ये जाळून त्याचा कोळसा करू लागले. राख व्हायच्या आत नेमकं पाणी मारायचं, कोळसा फोडायचा, शेणपाण्यात मुरवायचा आणि मातीत गाडायचा. त्या पाणी मारण्यासाठी ते भरल्या ताटावरून उठत. "झाडानं हवेतला कार्बन ओढला, मी त्याले जमिनीत कोंडला. आता लवकर नाही निंघत तो," असं ते चोर पकडल्याच्या थाटात सांगत. "जन्मभर जमिनीतला कोळसा वाहिला, थोडा वापस नको का करायले?"

कोणाचंही लग्न असो, अक्षता पडल्या की भाऊजी मांडववाल्याकडे मोडक्या बांबूंची चौकशी करताना दिसणार. शंकर नगरातल्या एका वास्तुशांतीला त्यांनी आहेर म्हणून कोळशाची पिशवी नेली. घरची बाई गोंधळून म्हणाली, "भैया, हमारे यहाँ तो गैस है." भाऊजी तिथेच कोळसा पुरायला तिच्या तुळशीची कुंडी उकरत बसले. ताई लाजेने अर्धी झाली.

पण ताईला खरी भीती वेगळीच होती. बांबू जाळला की वंश बुडतो, असं आमच्याकडे मानतात. तिच्या एकुलत्या मुलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. एक दिवस ती ड्रमपाशी येऊन रडत म्हणाली, "अहो, पोरीसाठी तरी बंद करा हे." कार्बनवर तासभर बोलणारे भाऊजी नुसते उठले. त्यांनी ड्रम उपडा घातला. मला नंतर म्हणाले, "मले पटत नाही बाप्पा. पण रडली ना ती. आता काय पेटवू?"

मग भाऊजी तेलीबांधा तलावाभोवती फेऱ्या मारू लागले आणि चारचौघांसारखे गुडघ्यांवर आणि रक्तातल्या साखरेवर बोलू लागले. मला त्यांची फार कीव यायची.

वर्षं गेली, भाचीकडे काही झालं नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं प्लॉटवर गेलो, तर ताईने पिशवीतून काडेपेटी काढून त्यांच्या हातात ठेवली. "पेटवा. पोरीच्या नशिबात असन ते होईन. तुमाले असं रिकामं बसलेलं नाही पाहावत मले."

भाऊजींनी गंजलेला ड्रम सरळ केला, बांबू रचला, पेटवला. दोघं शेजारी बसले. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरू लागली, पाणी मारायची वेळ झाली, तरी भाऊजी ताईकडेच बघत बसलेले. शेवटी बादली ताईनेच उचलली.