पाणी उतरलं म्हणावं

रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी कुंभार पिंपळगावची पहिली गाडी स्टँडात लागली आणि तिचा कंडक्टर आमच्या कँटीनकडं येताना दिसला. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "दाजींना सांगा, पाणी उतरलं म्हणावं. पायरीलाबी लागलं न्हाई." तो हळूच म्हणाला, "मावशी, मेस्त्री पहाटं गेले. झोपंतच."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नामदेव मेस्त्री. इथल्या एसटी डेपोत गाड्यांची इंजिनं खोलण्यात त्यांची हयात गेली. रिटायर होऊन गावी, पिंपळगावला गेले, घरोघरी फोन आले, तरी मोठा पाऊस झाला की त्यांची विचारपूस कंडक्टरच्याच तोंडी यायची. पाणी उतरलं का? मी म्हणायची, दाजींना मेव्हणीची काळजी नाही, स्टँडामागच्या नाल्याची आहे. खोटं कशाला बोलू, बातमी ऐकून रडू आलं तसं हायसंही वाटलं. अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायची त्यांना फार धास्ती होती. ती वेळ आली नाही.

या नाल्याची गोष्ट ऐंशीच्या सुमाराची. आमचा डेपो आणि स्टँड एकाच आवारात, नाल्याला लागून. खंडेनवमीला गाड्या धुऊन पुसून नवरीसारख्या सजायच्या. पुढं झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. दसरा झाला की हे सगळं निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं, ही रीत. आता वाहतं पाणी म्हणजे मागचा नालाच. पहिला भारा टाकायचा मान मेस्त्री म्हणून दाजींचा.

त्या वर्षी दसऱ्यानंतर परतीचा पाऊस असा आला की बघता बघता डेपोत कमरेइतकं पाणी. गाड्यांच्या इंजिनात चिखल, आमच्या कँटीनमध्ये पिठाचे डबे तरंगायला लागले. दाजी लोखंडी आकडा घेऊन रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी उतरले आणि अडकलेलं ओढून काढलं तर काय... केळीचे खुंट आणि त्यांना गुंडाळलेल्या झेंडूच्या माळा. हातातली माळ त्यांनी परत पाण्यात टाकली नाही, खांद्यावर घेऊनच वर आले.

पुढं वरून साहेब आले. अजून एकदा पाणी शिरलं तर स्टँड गावाबाहेर फाट्यावर नेऊ, असं सांगून गेले. स्टँड गेलं की कँटीन गेली, आणि कँटीनशिवाय आम्हाला दुसरं होतं काय?

पुढच्या दसऱ्याला दाजींनी भिंतीकडच्या उंच कोपऱ्यात खड्डा खणला आणि निर्माल्य यातच टाकायचं म्हणाले. शिंदे ड्रायव्हर खवळले. देवाची फुलं खड्ड्यात पुरायची, धर्म बुडवला मेस्त्रीनं, असं डेपोभर सांगत सुटले. दाजी एवढंच म्हणाले, "गाडी आपली लक्ष्मी ना शिंदे? मागल्या साली आपण तिलाच बुडवून राह्यलो होतो. त्याचं कोणतं पुण्य लागलं?" शिंदे धुसफुसत गेले, पण हार खड्ड्यातच टाकून गेले.

आणि पाऊस आलाच, तसाच. आम्ही सगळे नाल्याकडं डोळे लावून बसलो. पाणी चढत चढत कँटीनच्या पायरीला लागलं, घुटमळलं... आणि मोरीतून घों घों करत निघून गेलं. जीव भांड्यात पडला. माझे मालक तर पायरीवरच बसून लहान पोरासारखे रडले. दाजी म्हणाले, "सुशे, उतरलं. आता चहा टाक." त्या चहात मी साखर दोनदा टाकली, तरी ते मुकाट्यानं प्याले.

स्टँड हललं नाही. खड्ड्यात पडलेल्या हारांतून झेंडूची रोपं उगवली, आणि आता गाड्यांच्या माळांना पहिली फुलं तिथलीच लागतात.

तेराव्याला शिंदे ड्रायव्हर पिंपळगावला गेले होते. म्हातारे झालेत, काठी लागते. येताना ताईकडून दाजींच्या फोटोवरचा हार मागून आणला. मी म्हटलं, नाल्यात सोडता का? ते काठी टेकत भिंतीकडच्या कोपऱ्याकडं गेले. हार खड्ड्यात ठेवला, हात जोडले.

"मेस्त्री," ते म्हणाले, "उतरलं बरं का."