ती हरली, एवढंच

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई दात करते. म्हणजे कवळ्या. दाताच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, साचे करते आणि मग मेणात एकेक दात बसवते. तिच्या मागच्या खोलीत गेलं की टेबलावर चार-पाच अनोळखी माणसांची हसू ओळीनं मांडलेली असतात. सुरुवातीला मला ते बघून कसंतरी व्हायचं. आता मी त्यांच्याकडे बघत चहा पिते. सगळे तिला दातवाली म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि त्याचं काही वाटत नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो माणसांना वर नेतो आणि ती त्यांना चावायला लावते, असं आमचे हे म्हणायचे.

बाई पन्नाशी ओलांडलेली, बारीक, बोलणं मोजकं. हाताला नेहमी पांढरी पूड. घाई नावाची गोष्ट तिला ठाऊक नाही. प्लास्टर घट्ट झाल्याशिवाय बोट लावायचं नाही, हा तिच्या धंद्याचा नियम, आणि तो तिच्या अंगात इतका मुरला आहे की दूध तापायला ठेवलं तरी ती तशीच शांत उभी राहते. नवरा उलटा. त्याला लिफ्टची वाट बघणंसुद्धा जमत नाही, जिन्यानं जातो.

त्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद. मला पत्ते म्हणजे रमी एवढंच माहीत होतं. हे वेगळे. दुकानात बंद पाकिटं मिळतात, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. अशी पाकिटं घेऊन, दुसऱ्यांशी अदलाबदल करून प्रत्येक खेळाडू आपला स्वतःचा डेक बांधतो आणि तोच घेऊन खेळायला बसतो. त्यांच्या खेळात सगळा समुद्र आहे. मासे, जहाजं, वादळं. आपल्या पत्त्यांनी समोरच्याचे प्राण संपवायचे. तीन डावांपैकी दोन जिंकेल त्याचा सामना. पहिला डाव झाला की बाजूला ठेवलेल्या राखीव पत्त्यांतून काही आत घ्यायचे, काही बाहेर काढायचे, अशी मुभा असते. खेळाची निम्मी लढाई तिथेच होते, असं मला नंतर समजलं.

सरावाला कुणी हवं म्हणून त्यानं बायकोला शिकवलं. ती प्लास्टर वाळेपर्यंत खेळायची आणि वाळलं की उठायची. दोन वर्षांत ती त्याच्यापेक्षा चांगली खेळायला लागली. त्याला हे कळलं होतं. तो म्हणायचा, "हिला काय, ही नुसती बसून राहते. समोरचा कंटाळून चुकतो."

त्याचं एकच मागणं होतं. दरवर्षी आमच्या भागाची स्पर्धा होते आणि तिथल्या पहिल्या आठांना मोठ्या वार्षिक स्पर्धेत जागा मिळते. नऊ वर्षं तो त्या आठांच्या दारापर्यंत जाऊन परत येत होता. मोठ्या स्पर्धेच्या तारखांची रजा तो आधीच टाकायचा आणि नंतर मागे घ्यायचा. त्याचे साहेब आता रजेच्या अर्जावर सही करतानाच विचारायचे, "रद्द कधी करणार?"

यंदा तो म्हणाला की तूही नाव दे. ती म्हणाली, देते. मीही त्यांच्याबरोबर गेले. रविवारी घरी बसून मी तरी काय करणार होते?

एका शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबलं मांडली होती. दोनशे माणसं असतील, पण आवाज परीक्षेच्या वर्गाइतका. पत्ते पिसण्याची कुजबुज तेवढी चालू. पंच काळे सदरे घालून हात मागे बांधून फिरत होते. जिंकणाऱ्याला तीन गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक, हरणाऱ्याला काही नाही. दिवसभर फेऱ्या चालायच्या आणि शेवटी गुणांवरून आठ जण निवडायचे. मला एक खुर्ची मिळाली. बाकीच्यांना मी कुणाची आजी वाटत असणार.

शेवटच्या फेरीपर्यंत दातवाली नवऱ्याच्या पुढे होती. तो दुपारी घाईनं दोन सामने हरून बसला होता. तिच्यासमोर शेवटच्या फेरीत औषधांच्या दुकानात काम करणारा एक तिशीतला माणूस आला. चष्मा नाकावर घसरलेला, अतिशय सभ्य. दोघांचे गुण सारखे. त्यानं बसल्याबसल्या हात पुढे केला आणि विचारलं, बरोबरी करायची का?

मला वाटलं काही लबाडी आहे. शेजारच्या बाईनं समजावलं की हे सर्रास चालतं आणि नियमात बसतं. एकेक गुण मिळाला की दोघेही आठांत. न खेळता.

दातवालीनं हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलाशी पंचांनी सांगितलं की तिच्या नवऱ्यासमोरचा खेळाडू घरी निघून गेला आहे, सामना नवऱ्याचा. आता हिशेब उघड झाला, कारण भिंतीवरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. हे दोघे बरोबरी करतील तर नवरा नववा. हे दोघे खेळतील तर कुणीतरी हरेल, हरणारा नवऱ्याच्या खाली जाईल आणि नवरा आठवा. म्हणजे तिनं हात मिळवला तर ती आत, तो बाहेर. खेळली तर तो नक्की आत, तिचं मात्र सांगता येत नाही.

नवऱ्यानं पडदा वाचला. चालू सामन्यात बाहेरच्यानं तोंड उघडायचं नाही, एवढा नियम त्याला पाठ होता. तो सरळ उलट्या दिशेला गेला आणि जिथे लोकांनी पिशव्या टांगल्या होत्या त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती म्हणाली, "खेळू या."

पहिला डाव तिनं जिंकला. औषधवाल्याच्या डेकमध्ये देवमासा नावाचा एक प्रचंड पत्ता होता. तो एकदा टेबलावर आला की दोन फटक्यांत समोरचा संपतो. तिच्याकडे त्यावर तोड म्हणून जाळं होतं. ती शांतपणे जाळं हातात धरून बसली, छोटे मार खाल्ले, देवमासा आला तसं जाळं टाकलं आणि मग हळूहळू त्याला संपवलं. शेजारची बाई म्हणाली, किती थंड डोक्याची आहे. मला अभिमान वाटला, जसं काही मीच तिला शिकवलं होतं.

दुसरा डाव ती हरली. छोटे मासे भराभर आले, तिनं जाळं राखून ठेवलं, देवमासा काही आला नाही. तिसऱ्याच्या आधी औषधवाल्यानं परत विचारलं, अजून बरोबरी चालेल मला. पिशव्यांच्या भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची पाठ हलली नाही. तिनं मान हलवली. नको.

तिसऱ्या डावात तिच्या हातात दोन जाळी आली. ती दोन्ही धरून बसली. समोरून खेकडे, सुरे मासे, कसले कसले बारके जीव येत होते आणि तिला ओरबाडत होते. तिच्याजवळ त्यांना अडवायला दुसरे पत्ते होते, ते खेळायचे तर जाळी हातातून सोडावी लागणार होती. ती थांबली. आता येईल, पुढच्या पत्त्याला येईल. शेवटी तिचे प्राण संपले आणि दोन्ही जाळी हातातच राहिली.

औषधवाल्यानं हात मिळवला आणि बाजूच्या डबीतले राखीव पत्ते उघडून तिला दाखवले. सगळे देवमासे तिथे होते.

"पहिल्या डावानंतरच काढले मी," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्याकडे जाळी आहेत हे दिसल्यावर कशाला ठेवू?"

तिनं त्या डबीकडे बघितलं. मग हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मी नसलेल्या माशासाठी दोन डाव जागी राहिले."

नवरा आठवा आला. पुढच्या बाद फेरीत पहिल्याच सामन्यात हरला, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. मोठ्या स्पर्धेतली जागा पक्की झाली होती.  घरी येताना मी दोघांच्या मध्ये बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत कौतुक सुरू झालं. नवऱ्यासाठी बाईनं आपली जागा सोडली. तळमजल्यावरच्या वकिलीणबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या की आजकाल असं कोण करतं. दूधवाल्यानं तिला विचारलं, मिस्टरांसाठी मुद्दाम हरलात म्हणे? ती दार लावून आत गेली. तिच्या रागाचा तो सर्वांत मोठा आवाज.

त्याच आठवड्यात माझी नवी कवळी मेणात तयार झाली होती. डॉक्टरांकडे नेण्याआधी दात नीट जुळतात का ते तिला बघायचं होतं. तिनं ती माझ्या तोंडात बसवली आणि बजावलं, दात दाबून धरा, बोलू नका, मेण हलेल. एवढ्यात नवरा आत आला. अंगावर कामाचा ग्रीस लागलेला सदरा होता. त्यानं मला पाहिलंच नसावं, किंवा बोलू शकत नाही म्हणून मोजलं नसावं.

त्यानं सांगितलं की स्पर्धेच्या कचेरीत फोन केला होता. त्यानं नाव मागे घेतलं तर नववा वर चढतो. नववी ती होती. त्यानं ठरवलं होतं, जागा तिला द्यायची.

ती माझ्या ओठाची कड बोटानं वर करून बघत होती. म्हणाली, "का?"

"का म्हणजे काय? तू माझ्यासाठी खेळलीस. सगळी बिल्डिंग म्हणतेय."

"बिल्डिंगला पत्ते कळत नाहीत. तुम्हाला कळतात ना?" तिनं हात पुसले. "मी पहिल्या पानापासून त्याचा डेक बघत होते. मला वाटलं, मी जिंकेन. तुम्ही त्या वेळी आठवलातसुद्धा नाही."

तो स्टुलावर बसला. त्याचा चेहरा मी कसा सांगू? दुखावलेला होता आणि सुटलेलाही होता.

"जरासुद्धा नाही?"

"पडदा बघितला तेव्हा आठवलात. मग पत्ते उचलले, विसरले."

"मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो," तो खाली बघत म्हणाला, "कारण मला वाटत होतं तू बरोबरी घेऊ नयेस. घे म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडावर उलटं दिसलं असतं."

"माहीत आहे मला. तुमची पाठही बोलते."

मी दात दाबून बसले होते. मला दोघांनाही काही सांगायचं होतं, काय ते आज आठवत नाही, पण त्या वेळी फार महत्त्वाचं वाटलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हलू नका."

मग ती त्याला म्हणाली, "हे बघा, मी दोन डाव चुकीचे खेळले. दुसऱ्या डावाला कळायची गोष्ट मला तिसऱ्यालाही कळली नाही. ती चूक माझी आहे. तुम्ही सगळे मिळून तिलाच त्याग ठरवलंत, तर माझ्याकडे उरलं काय? मी हरले. मला हरू द्या की."

 मग खिशातून फोन काढून त्यानं कचेरीला कळवलं की नाव तसंच राहू द्या. पुढचा फोन त्यानं आपल्या साहेबांना लावला. रजेचं विचारायला नव्हे, यंदा ती रद्द होणार नाही हे सांगायला. पलीकडून साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण तो उठून खिडकीशी गेला आणि दोनदा "खरंच, खरंच" म्हणाला.

तो आत हात धुवायला गेल्यावर तिनं माझ्या तोंडातून मेणाचे दात काढले आणि उजेडाकडे धरून बघितले. एक दात किंचित पुढे आला होता. तो तिनं गरम सुरीनं मागे सरकवला.

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी हेही माझ्यासमोर येतील," ती म्हणाली, "आणि मावशी, यांच्याशीसुद्धा बरोबरी नाही."