औनेच्या चाकामागे

औने उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या ओउलू शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. उन्हाळा असो की हिवाळा, कामावर जाणं सायकलनंच. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरला बारीक खिळे ठोकलेले असायचे. पापण्यांवर बर्फाचे कण घेऊन ती आत शिरायची आणि लगेच पोरांसाठी वाटाण्याचं सूप चढवायची. बावन्नाव्या वर्षी तिनं रेसिंगची सायकल घेतली आणि एका रविवारी थेट आमच्या सायकल क्लबच्या फेरीला येऊन उभी राहिली.

आमच्यातला रेइयो तरुणपणी शर्यती जिंकलेला. त्यानं तिला वरून खाली न्याहाळलं.

"औनेबाई, ही शाळेची सहल नाही हं. मागं पडलात तर कुणी थांबणार नाही."

"नका थांबू. घरचा रस्ता माहीत आहे मला."

दोन हिवाळे ती आमच्या शेपटाला चिकटून राहिली. सुटली मात्र कधीच नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात समुद्र इतका घट्ट गोठला, की हैलुओतो बेटापर्यंत बर्फावरून रस्ता खुला झाला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पाचजण निघालो. जाताना वारा पाठीशी होता, रेइयो तर नुसता उडत होता. बेटावरच्या दुकानात कॉफी झाली, वेलदोड्याचा गोड पाव झाला, थट्टामस्करी झाली. बाहेर आलो तर वाऱ्यानं जोर धरलेला, आणि आता तो सरळ तोंडावर. भुरभुरता बर्फ रस्त्यावरून सापासारखा सरपटत होता. बाटल्यांतल्या पाण्याचा दगड झाला होता.

सोइली, आमच्यातली सगळ्यात तरुण, म्हणाली, "भावाला फोन करते. गाडी घेऊन येईल तो."

"वाराच आहे गं, वाघ नाही," औने म्हणाली. "चला."

रेइयो नेहमीप्रमाणे पुढे झाला. पण जाताना त्यानं सगळा दम उधळला होता. अर्धा समुद्र व्हायच्या आत त्याची सायकल डुलायला लागली.

"पाय संपले माझे," तो ओरडला.

औने त्याच्या बाजूनं पुढे गेली. "माझ्या चाकामागे या. अगदी जवळ. आणि तोंडं मिटा, बर्फ जाईल आत."

पुढच्यानं वारा छातीवर घ्यायचा आणि थकला की दुसऱ्यानं त्याची जागा घ्यायची, ही आमची रीत. थोड्या वेळानं मी तिच्या बरोबरीला गेलो. तिनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"ओठ निळे पडलेत तुझे. हो मागं."

मी मागं झालो. रेइयो सुटायला लागला तशी तिनं वेग कमी केला आणि मान वळवून हाक दिली, "रेइयो, ये रे! शाळेत तीनशे पोरांना रांगेत उभं करते मी, तुम्ही चौघं म्हणजे काय!"

तशा थंडीतही आम्ही हसलो. रेइयोही हसला, आणि हसत हसतच त्यानं मधलं अंतर भरून काढलं. किनारा येईपर्यंत ती पुढून हटली नाही.

किनाऱ्यावर रेइयोला हेल्मेटचा पट्टा सुटेना, इतकी त्याची बोटं बधिरली होती. औनेनंच तो सोडला.

"जन्मभर लोकांच्या चाकामागे बसलो," तो म्हणाला, "पण असं चाक नाही पाहिलं बाई."

"रडू नकोस. डोळे गोठतील."

"पुढच्या रविवारपासून फेरी तू न्यायची."

"वेग मी ठरवीन."

"ठरव की!"

संध्याकाळी सॉनाच्या गरम वाफेत औनेला खांद्याच्या वर हात नेता येईनात. पाठीवर पाणी ओतणाऱ्या सोइलीला ती म्हणाली, "मला जमेल हे मला माहीत होतं गं. पण ते कुणीतरी बघायला हवं होतं."

आता तिनं साठी ओलांडली आहे. रविवारी चौकात नवी माणसं जमतात आणि विचारतात, फेरी कोण नेतं? आम्ही छाती पुढे काढून बोट दाखवतो. ती टायर चाचपत असते.