लग्नाआधी भावाने सांगितलेली गोष्ट

माझा धाकटा भाऊ सुरतेजवळ इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर होता. आम्ही खानदेशातले, वडील कापडाच्या लूमवर कामाला सुरतेत आले आणि आम्ही तिथल्या भेस्तानचेच झालो. भावाचं लग्न बारडोलीच्या मुलीशी ठरलं होतं. मी माहेरी आले होते, तर तो पाय फाकवून चालताना दिसला.

"मांडीला गळू झालंय," तो म्हणाला. मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता. ताप मात्र हटेना. शेवटी कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडलेला पाहिला, तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि नीट विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, अंड सुजलंय. हात लावता येत नाही."

आम्ही लगेच रिक्षा केली. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. लघवीतला संसर्ग खाली उतरला होता, आत पू झाला होता आणि एका बाजूचं वृषण मेलं होतं. काढण्यावाचून इलाज नव्हता. भावाने एवढंच विचारलं, "मी लग्न करू शकतो का?" सर्जन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक होय तोय चाले, भाई. एक असलं तरी पुरतं, आणि दुसरं चांगलं आहे."

ऑपरेशन पार पडलं. तो घरी आल्यावर आईने ठरवून टाकलं. "हर्नियानं ऑपरेशन व्हयनं, आसं सांगूत सगळास्ले." वडिलांनी मान हलवली. मलाही ते बरं वाटलं.

भाऊ उशीला टेकून बसला होता. "बाकीच्यांना काय सांगायचं ते सांगा," तो म्हणाला. "पण तिले मीच सांगसू, माय."

आई रडली. सोयरीक मोडेल, समाजात तोंड दाखवता येणार नाही, असं खूप बोलली. तो एका शब्दानेही चिडला नाही. टाके निघाले, चालता यायला लागलं, तसा मला घेऊन बारडोलीला निघाला.

मुलीचे वडील साखर कारखान्यात नोकरीला. मुलगी बालवाडीत शिकवायची. वडिलांची परवानगी घेऊन आम्ही तिघं मागच्या ओट्यावर बसलो. माझा भाऊ, ज्याला दुकानात सुटे पैसे मागायलाही अवघड वाटायचं, तो तिच्याकडे बघत सगळं सांगून गेला. शब्द गिळले नाहीत, आवाज खाली केला नाही. माझेच कान तापले होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता दुखतं का?"

"बसमध्ये धक्का बसला की थोडं."

"मुलं होतील?"

"डॉक्टर म्हणतात, होतील. पण खात्री मी देऊ शकत नाही."

"मला विचार करायला वेळ हवा."

"हवा तेवढा घ्या," तो म्हणाला. "नाही म्हणालात तर मीच मोडलं असं सांगेन. तुमच्यावर बोल येणार नाही."

परतताना तो खिडकीला डोकं टेकून झोपला. मी उसाच्या गाड्या बघत बसले होते. त्याला लहानाचा मोठा केला मी, पण हे बळ त्याच्यात कुठून आलं ते मला कळेना.

काही दिवसांनी मुलगी वडिलांना घेऊन सुरतेत आली. तिला सर्जनना भेटायचं होतं. तिने गुजरातीत एकेक प्रश्न विचारला, अगदी नवऱ्या-बायकोतलासुद्धा, आणि उत्तर पटल्याशिवाय पुढचा विचारला नाही. तिचे वडील सारखे फरशीकडे बघत होते. बाहेर आल्यावर तिने भावाला विचारलं, "जेवलात का?" एवढ्यावर आम्ही समजलो.

लग्न झालं. त्यांची मुलगी आता शाळेत जाते.

मधे एकदा कारखान्यात त्याच्या बरोबरीचा एक कामगार तसाच पाय फाकवून चालताना दिसला. भावाने त्याला कँटीनमागे नेलं, स्वतःचं सगळं सांगितलं आणि अर्ध्या पाळीची रजा टाकून दवाखान्यात घेऊन गेला. तो माणूस औषधांवरच बरा झाला. हे मला भावजयीने सांगितलं. भावाला विचारलं तर म्हणाला, "घाबरला होता गं तो. कुणीतरी बरोबर जायला हवं होतं."